म्हापशातल्या जुन्या घराच्या हॉलचा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (म्हणजे मॉडेलवरून तयार होणारं चित्र) केलाय, पण खरा वाटत नाही. काय चुकतंय?

मांडणी छान जमलीय, तिला हात लावू नका. खटकतो तो उजेड. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं दाखवलीत, पण ऊन मात्र साध्या काचेतून यावं तसं थेट आत येतंय आणि फरशीवर चौकटीची कडक सावली पडलीय. शिंपला उजेड पसरवतो. आत येतो तो मऊ, दुधाळ प्रकाश. तावदानाचं मटेरियल ट्रान्सलुसंट, म्हणजे उजेड पसरवून आत सोडणारं, करा, सावलीच्या कडा आपोआप विरतील. पणजीला फोंतेन्हास या जुन्या वस्तीत अशी एखादी खिडकी आतून बघायला मिळाली तर जरूर बघा, कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा जास्त कळेल.

लाल फरशी आरशासारखी झालीय. वापरातली फरशी कुठे जास्त चमकते, कुठे कमी, म्हणून रफनेसला (पृष्ठभाग किती खरखरीत, ते ठरवणाऱ्या सेटिंगला) एकच आकडा न देता मॅप, म्हणजे जागोजागी वेगळी किंमत देणारं चित्र, लावा. टेबलाच्या आणि दाराच्या कडा सुरीसारख्या धारदार आहेत. एक-दोन मिलिमीटरचा बेव्हल द्या, म्हणजे कड थोडी मोडा, कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटेल. जांभ्याच्या चिऱ्यांचा आकार दाराच्या उंचीशी ताडून घ्या, मला ते फार मोठे वाटले. कॅमेरा सव्वा मीटरवर आणा आणि भिंतींच्या उभ्या रेषा सरळ ठेवा.

पुढच्या वेळी टेक्श्चर (पृष्ठभागांवर लावलेली चित्रं) काढून नुसता करडा रेंडरही सोबत टाका. प्रकाशाचा दोष की मटेरियलचा, ते लगेच सांगता येतं.