चिमणीचा ब्लोअर खोलीला लावतोयस? मग हे वाच

भाऊ, खोलीतली हवा बाहेर फेकायला भंगारातून किचन चिमणीचा ब्लोअर उचललास ते बरं केलंस, पण लगेच सॉकेटात वायरी खोचू नकोस. आधी चाक हाताने फिरव. खरखर आली की समज, बेअरिंग गेलं. मोटर सोडवून पात्यांतला तेलाचा चिकटा साबणाच्या गरम पाण्याने काढ. एका बाजूला राहिला तर चाक थरथरतं. कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा डबा) फुगला असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (हे त्याचं माप, त्याच्यावरच लिहिलेलं असतं) नवा टाक. बॉडीला अर्थिंग दे. मी आळस केला आणि ओल्या पायांनी झटका खाल्ला.

आता खरी गोम. हा साध्या पंख्यासारखा नाही. मधल्या तोंडातून हवा ओढतो, कडेच्या तोंडातून फेकतो. उलटा फिरवलास तरी दिशा तीच, फक्त जोर मरतो. म्हणून मधलं तोंड खोलीत, कडेचं बाहेर. पाइप निमुळता नको, वळणंही कमी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 पार, कूलर चालणारच. ब्लोअर कूलरच्या समोरच्या भिंतीत, छताजवळ लाव. दमट हवा निघाली नाही तर गादीसुद्धा चिकट लागते. गॅस गिझर असेल तिथे मात्र लावूच नको, गिझरचा विषारी वायू खोलीत ओढला जातो.