‘फुल हाउस’ या अमेरिकी विनोदी मालिकेतल्या शेंडेफळाचं, म्हणजे मिशेलचं काम दोन जुळ्या मुलींनी का केलं? एक पुरली नसती का?

नसती पुरली. मालिकेचं (१९८७–१९९५) चित्रीकरण कॅलिफोर्नियात व्हायचं आणि तिथे लहान मुलाला सेटवर किती वेळ ठेवायचं हे कायद्याने ठरलेलं आहे. सहा महिने ते दोन वर्षांचं मूल सेटवर जास्तीत जास्त ४ तास थांबू शकतं, त्यातले कामाचे फक्त २. बाकीचे दोन झोप, दूध, खेळ यांचे. दोन ते सहा वर्षांपर्यंत हेच प्रमाण ६ तास आणि ३ तास. सहा महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ असेल तर दिवसाला कामाची जेमतेम २० मिनिटं, आणि तेही प्रखर दिव्यासमोर एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही.

मेरी-केट आणि ॲश्ली ओल्सन यांचा जन्म १३ जून १९८६चा. मालिका सुरू झाली तेव्हा त्या सव्वा वर्षाच्या होत्या. एका मुलीचे २ तास, दोघींचे मिळून ४. शिवाय एकीने भोकाड पसरलं की दुसरी तयार. बाळ रडलं म्हणून अख्खं युनिट बसून राहणं निर्मात्याला फार महाग पडतं.

गंमत म्हणजे या दोघी एकाच बीजाच्या जुळ्या नाहीत. त्या वयात सारखे केस आणि सारखा फ्रॉक घातला की खपून जातं, इतकंच. मेरी-केट डावखुरी आहे, त्यामुळे मिशेलने चमचा कुठल्या हातात धरलाय यावरून काही जण अंदाज बांधतात. पहिल्या सीझन्समध्ये मात्र त्यावर विसंबू नये, कारण एवढं लहान मूल दोन्ही हात चालवतं. श्रेयनामावलीतही बरीच वर्षं ‘मेरी केट ॲश्ली ओल्सन’ असं एकाच मुलीचं वाटावं असं नाव झळकायचं.

आता संवादांचं. दोन-तीन वर्षांचं मूल पाठांतर करत नाही. कॅमेऱ्यामागून कुणीतरी एक वाक्य म्हणतं, मूल तेच परत म्हणतं, आणि सांगणाऱ्याचा आवाज संकलनात काढून टाकतात. त्यासाठी मूल फ्रेममध्ये एकटं असलेलं बरं, म्हणून असे विनोद बहुतेकदा क्लोजअपमध्ये येतात. यात हमखास बिघडते ती नजर. मूल सांगणाऱ्याकडेच बघतं. तेव्हा सांगणाऱ्याने समोरचं पात्र जिथे असायला हवं त्या बाजूला, लेन्सला चिकटून उभं राहायचं. दोन पावलं इकडेतिकडे झाली तर मिशेल बाबांशी न बोलता भिंतीशी बोलतेय असं दिसतं.

पुढे पाचव्या सीझनमध्ये मिशेलच्या मामाला, जेसीला, निकी आणि अ‍ॅलेक्स ही जुळी मुलं होतात. तिथे खरी जुळी भावंडं घेऊन वेळेचा काहीच फायदा नाही, कारण पात्रंही दोन! माझ्या मते लेखकांनी स्वतःच्या पायावर मारून घेतलेला धोंडा. पुढच्या सीझनला त्या जागी थोडी मोठी जुळी मुलं आली.

मूल झटपट मोठं करून टाकणं हा दुसरा उपाय. ‘ग्रोइंग पेन्स’ या दुसऱ्या अमेरिकी मालिकेतली क्रिसी १९८८ साली जन्मली आणि १९९०मध्ये एकदम सहा वर्षांची झाली. त्यामुळे संवाद मिळाले, पण पाळण्यातल्या बाळावर जीव जडलेला प्रेक्षक बिचकतो. मिशेलला प्रेक्षकांनी रांगत्या वयापासून मोठं होताना पाहिलं, तिच्या लोकप्रियतेत याचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर हिशेब वेगळा पडेल. केंद्राच्या २०१७च्या नियमांत चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला ५ तास, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. कॅलिफोर्नियात हा आकडा १५ टक्के आहे.