आकडे पाठ, पण मोजता येत नाही

प्रश्न : आमच्या पालकगटातली पाच वर्षांची मुलं ५०पर्यंत घडाघडा म्हणतात, पण समोरची ७ बटणं मोजताना चुकतात. घरी काय करून घ्यावं?

उत्तर : बारकाईने पाहा : तोंड ‘पाच’ म्हणतं तेव्हा बोट अजून चौथ्या बटणावर असतं. आकड्यांची पाठांतरं आणि मोजणी ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पाचच बटणांपासून सुरुवात करा. मोजलेलं प्रत्येक बटण उचलून वाटीत टाकायचं. नुसतं बोट दाखवलं की एखादं सुटतं किंवा दोनदा मोजलं जातं. मग विचारा, ‘वाटीत एकूण किती?’ मूल पुन्हा एकपासून सुरू झालं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे अजून उमगलेलं नाही. अशा वेळी रागावू नका, तुम्हीच शांतपणे म्हणा, ‘पाच. एकूण पाच.’ सलग काही दिवस जमलं की मग सात. रोज पाच मिनिटं पुरेत.

गटात हे नुसतं सांगून भागत नाही. पालकांच्या जोड्या करून, एकाला मूल बनवून, तिथेच करायला लावा. घरी जाताना बटणांची पिशवी हातात द्या; साहित्य शोधण्यातच बहुतेकांचं राहून जातं. बटणं लहान असतात, तोंडात जातात, म्हणून धाकटं भावंड असेल तर मोठी झाकणं द्या.