घरातला जुना चोर-अलार्म रात्री उगाच वाजतो? आधी बॅटरी बघ

अरे, लगेच पॅनल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, बदलायची घाई करू नकोस. आतली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी ३ ते ५ वर्षांत थकतेच. पॅनलची वीज बंद करून भोंगा वाजव, बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लाव. आकडा झरझर ११ व्होल्टच्या खाली घसरला तर बॅटरी बदल. फुगलेली असेल तर तपासतही बसू नको.

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात मात्र खोड दाराची होती. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, दार नीट बसायचं नाही, चौकटीवरचा रीड स्विच (चुंबक जवळ असेपर्यंतच अलार्म शांत ठेवणारा) आणि दारावरचं चुंबक यांच्यात बोटभर फट पडायची, की मध्यरात्री बोंब! चुंबकाखाली पातळ पट्टी सारली, थांबलं. मोशन सेन्सरवरची कोळिष्टकं कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि तारेला हात लावण्याआधी जोडणीचा फोटो काढून ठेव.