कातडी भार पेलत नाही

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला आणि झोप उडाली. ब्रेस्ट लिफ्टनंतर वर्षभराने तुझी पेशंट आली, स्तनाग्रं जागेवर आहेत पण खालचा भाग ओघळलाय, आणि तू विचारतेस, ‘मॅडम, इम्प्लांट घालून भरून काढू का?’ काळजात चर्र झालं. रागही आला, पण तो तुझ्यावर नाही, तुला एवढंच शिकवून मोकळं सोडणाऱ्यांवर.

आधी टेप हातात घे. गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर ऑपरेशननंतर होतं जवळपास तेवढंच भरेल. वाढलेलं असेल ते स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं. म्हणजे तू वर नेलेलं स्तनाग्र खाली आलेलं नाही. ग्रंथी घसरून खालच्या कातडीवर बसली, कातडी ताणली गेली आणि म्हणून स्तनाग्र वर बघतंय. कातडी भार पेलत नाही, बाई. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकीने हे वाक्य माझ्याकडून कंटाळा येईपर्यंत ऐकलंय. तूही ऐक.

रॉबर्ट वाइज या सर्जनने १९५६ मध्ये चिरेचा जो नकाशा दिला, तो ब्रेसिअरच्या बेतावरून काढलेला होता. नकाशा उत्तम आहे, मी आजही वापरते. पण त्यातून एक समजूत पसरली की कातडी घट्ट शिवली की तीच ब्रेसिअरचं काम करेल. टेबलावर ती करतेही, फोटोही झकास येतो. पण कातडीचा धर्मच ताणण्याचा. आधी जी ताणलीच होती, तिच्यावरच पुन्हा सगळं वजन सोडायचं, हा कुठला हिशेब? लासू, लेजूर आणि नंतर हॉल-फिंडले या सर्जननी उभ्या चिरेच्या पद्धतीत हे उलटं केलं. आधी ग्रंथीला आतून आकार द्यायचा, दोन्ही बाजूंचे पिलर, म्हणजे ग्रंथीचे खांबासारखे उरलेले भाग, एकमेकांना शिवायचे आणि कातडी वरून नुसती पांघरायची. शेवटचे टाके घालताना कातडीवर ताण जाणवला, तर समज, आतलं काम अपुरं आहे. उठ-सूट कातडी कापत सुटू नकोस.

आता इम्प्लांट. ३०० सीसीचं इम्प्लांट म्हणजे जवळपास ३०० ग्रॅम वजन. जी कातडी स्वतःच्या ग्रंथीचं ओझं वर्षभर पेलू शकली नाही, तिच्यावर आणखी ३०० ग्रॅम? वरचा भाग काही महिने भरलेला दिसेल, मग खालचा आणखी लोंबेल. तिला हवं आहे ते दुरुस्तीचं ऑपरेशन. सूज पूर्ण ओसरू दे, ऊती मऊ होऊ दे. मग खालची जास्तीची कातडी घडीलगत आडवी काढ, पिलर पुन्हा शीव, आणि स्तनाग्र आणखी वर नेण्याच्या मोहात अजिबात पडू नकोस. एकदा फार वर गेलेलं स्तनाग्र खाली आणणं महाकठीण.

आणि तिला ऑपरेशनआधी काय काय विचारलं होतंस? वजन किती महिन्यांपासून स्थिर होतं? तुझ्या मेसेजमध्ये यातलं काहीच नाही, म्हणून विचारते. वजन उतरत असताना केलेली लिफ्ट टिकत नाही, कारण आतली चरबी आटते आणि कातडी रिकामी होते. किमान सहा महिने काटा एका जागी हवा. मूल हवं आहे का, हेही विचारायचं. दूध पाजल्यामुळे स्तन ओघळतात असं बायका मनाला लावून घेतात. पण गरोदरपणात ग्रंथी फुगते, नंतर आटते आणि ताणलेली कातडी तशीच राहते. पाजलं नाही तरी हे होतंच. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल तर मी सरळ सांगते, आधी ते होऊ दे, मग ये. सिगारेट किंवा व्हेप असेल तर आधी आणि नंतर चार-चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्र काळं पडण्याचा धोका वाढतो. तिथे गोड बोलत बसू नकोस.

असं थांबायला सांगते, नाही म्हणते, यामुळे माझ्या पेशंट गेल्या. ‘जुन्या वळणाच्या’ म्हणून माझ्या पाठीमागे बोललं गेलं, आणि मी परत पाठवलेल्या काही जणी दुसरीकडे ऑपरेशन करून, वर्षभराने तुझ्या पेशंटसारख्याच होऊन माझ्याकडे परत आल्या. त्यांना थांबायला लावण्यात मी कमी पडले का, हा सल आहे. पण नाही म्हटल्याचा पश्चात्ताप नाही. आजही मी नाहीच म्हणेन.

ब्रेसिअर, व्रणाची काळजी, ऊन टाळणं हे तुला येतंच. फक्त एवढं बघ की सहा आठवडे बिनतारेची, नीट आधार देणारी ब्रेसिअर रात्रीसुद्धा राहील, आणि नंतर पळताना, उड्या मारताना स्पोर्ट्स ब्रा सुटणार नाही. छातीच्या व्यायामाने स्तन उचलले जातात असं कुणी म्हणालं तर समजावून सांग की स्नायू ग्रंथीच्या मागे असतो, तो तिला धरून ठेवत नाही. व्रण पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर त्याच्याबद्दल निकाल देऊ नकोस.

तिला खरं सांग. लिफ्टने काळ थांबत नाही. वजन आणि ग्रंथी स्थिर राहिली तर आकार बरीच वर्षं साथ देतो, पण वय आपलं काम करतंच. हे पहिल्या भेटीतच सांगायचं होतं. आता सांगताना ती चिडेल, तर चिडू दे, ऐकून घे. आणि दुरुस्तीचा बेत आखशील तेव्हा मोजमापं आणि तिन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. खुणा करण्याआधी आपण बोलू.

तुझी,
मॅडम