हप्ता आणि भाडं: पोरीस पत्र

पोरी, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हिशोब बघितला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोल्यांचं भाडं १२ हजार, कळंब्याच्या फ्लॅटचा हप्ता २७,८००. भाडं फुकट जातं, हप्त्यातून घर उभं राहतं, तेव्हा फ्लॅटच घ्यावा असं तुझी आई म्हणते. आईशी वाद घालू नकोस, पण हप्ता आणि भाडं समोरासमोर ठेवू नयेत. हप्त्यातली मुद्दल तुझीच राहते, व्याज मात्र भाड्यासारखंच जातं.

आता मांड. फ्लॅट ४० लाखांचा, कर्ज ३२ लाख, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं. पहिल्या हप्त्यात व्याजच २२,७०० च्या आसपास, मुद्दल जेमतेम ५,१००. तुझे पदरचे ८ लाख ठेवीत असते तर सात टक्क्यांनी महिना ४,७०० मिळाले असते, ते गेले. घरफाळा, मेंटेनन्स आणि किरकोळ दुरुस्त्या मिळून अडीच हजार धर. म्हणजे सुरुवातीला महिन्याला जवळपास ३० हजार परत न येणारे, आणि भाड्यात १२ हजार. फ्लॅटची किंमत दर वर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढली तर कुठे बरोबरी. पुढे व्याज उतरतं आणि भाडं चढतं, त्यामुळे दहा-बारा वर्षं हलणार नसशील तर चित्र पालटू शकतं. पण तू तर पुण्याच्या नोकरीचं बघतेयस ना?

दोन-तीन वर्षांत विकायची वेळ आली तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च अंगावर पडतो, आणि त्यासाठी बँक कर्ज देत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. फ्लॅट तुझ्या एकटीच्या नावावर घेतलास तर बाईमाणसाला मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ४० हजार वाचले. बांधकाम चालू असेल तर जीएसटीही विचार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर तो लागत नाही. आणि नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. बिल्डरचा माणूस करबचतीचं गाणं लावील, ते सोडून दे.

दुसरा फ्लॅट कदमवाडीकडचा लिहिलायस. तिथं दराआधी पाणी विचार. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला ती कितीतरी ओलांडली गेली. पूररेषेचा नकाशा बघच, पण प्रत्यक्ष पार्किंगमध्ये जाऊन उभी राहा. भिंतीच्या गिलाव्यावर एका उंचीला आडवा डाग दिसतो का, विजेचे मीटर मुद्दाम वर चढवलेत का, बघ. मग दूधवाल्याला विचार, "२०१९ ला पाणी कुठवर आलतं?" तो बरोबर पायरी दाखवेल. पुराच्या भागात भाडेकरू सामान उचलून निघतो; मालकाला लिफ्ट, मोटर, वायरिंग सगळं पुन्हा करावं लागतं.

आणखी एक. आपल्याकडं छोट्या प्लॉटवर सहा-आठ फ्लॅटच्या इमारती फार. आठपर्यंतच फ्लॅट असले तर महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी, काढल्याशिवाय टोकनही देऊ नकोस.

माझं मत विचारलंस तर सध्या भाड्यानंच राहा. पण एका अटीवर. हप्ता आणि भाडं यातले जे १५,८०० वाचतील ते पगार होईल त्याच दिवशी रिकरिंगला किंवा एसआयपीला गेले पाहिजेत. ते गुजरीत सोन्यावर किंवा नव्या गाडीत जाणार असतील तर वरचा सगळा हिशोब फाडून टाक आणि फ्लॅट घे. निदान बँक सक्तीनं मुद्दल तरी जमवून घेईल. मला वाटतं तुझ्याच्यानं जमेल. तुझ्या धाकट्या भावाला मात्र मी हा सल्ला दिला नसता.

भाडेकरार नुसता स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हणाले तर ऐकू नकोस. नोंदणी करून घे, ती जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. डिपॉझिट किती दिवसांत परत आणि रंगाचे पैसे कुणाचे, हे त्यातच लिहून घे. मसुदा आला की पाठव, शनिवारी बघते.

तुझी,
मावशी