शीख आई-वडिलांनी मुलांना धर्माचं वळण लावावं, की निर्णय त्यांच्यावर सोडावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेत पोरं त्याच्या केसांवर बांधलेला पटका ओढतात, म्हणून तो केस कापू या म्हणतोय. तुमचे वडील म्हणतात, आपल्या घरात असलं काही होणार नाही. बायको म्हणते, अठराचा होऊ दे, मग त्याचं तो ठरवेल. आणि तुम्ही मध्ये अडकलात.

मी नांदेडची. महाराजा रणजितसिंगांनी निजामाकडे पाठवलेल्या फौजेबरोबर सासरचे पूर्वज दक्षिणेत आले, असं आमच्या घरात सांगतात. त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. घरात पंजाबी, हिंदी, मराठी सगळं मिसळून बोलतो, भांडतो मात्र मराठीत. मुलगा आता सव्वीसचा आहे, मुलगी एकवीसची. मुलाच्या बाबतीत माझी एक मोठी चूक झाली, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसले.

आधी तुमच्या बायकोचं म्हणणं घेते. ‘अठरापर्यंत थांबू’ ऐकायला चांगलं वाटतं, पण तोवर डोक्यावरच्या केसांचं काय? ते वाढतच राहणार. कापले तर तुम्ही ठरवलं, ठेवले तरी तुम्हीच ठरवलं. दुसऱ्या कुठल्या धर्माच्या आईला हा पेच इतका लवकर पडत नसेल, आपल्याकडे तो पाळण्यातच पडतो. त्यामुळे मी साधा हिशेब लावला होता. ठेवलेले केस कुठल्याही सलूनमध्ये दहा मिनिटांत कापता येतात. कापलेले पुन्हा कमरेपर्यंत यायला काही वर्षं जातात. जे नंतर सहज मोडता येतं ते आधी करावं, एवढंच.

गुरुमुखी लिपीचंही तसंच. सहा-सात वर्षांचं पोर ती खेळता खेळता शिकतं. विशीतला मुलगा ‘शिकेन कधीतरी’ म्हणतो आणि ते कधीतरी येत नाही. आपल्या मुलांना देवनागरी आधी येते, त्यातून एक गंमत होते. गुरुमुखीतला ‘स’ अगदी आपल्या ‘म’सारखा दिसतो. माझी मुलगी कितीतरी दिवस प्रार्थनेतल्या ‘सतिनामु’ला ‘मतिनामु’ म्हणत होती, तेही डोळे मिटून, हात जोडून. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता तुमच्या वडिलांचं. त्यांना रहित मर्यादेचा, म्हणजे शीख आचारसंहितेचा, आधार हवा असेल तर तो अर्धाच मिळेल. गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी कमिटीने १९४५ साली मान्य केलेल्या रहित मर्यादेत आई-वडिलांवर दोन गोष्टी टाकल्यात. मुलाचे केस जन्मापासून जसे आहेत तसे राखायचे आणि त्याला शीख धर्माची शिकवण द्यायची. पण अमृत छकवण्याबद्दल, म्हणजे खालसा दीक्षेबद्दल, तीच मर्यादा म्हणते, की घेणारा अगदी लहान नसावा, त्याला समज आलेली असावी. (आमच्या नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची स्वतःची वेगळी मर्यादा आहे, तो वाद इथे नको.) म्हणजे तयारी आई-वडिलांनी करून द्यायची आणि उंबरा ज्याचा त्याने ओलांडायचा. सहा वर्षांच्या पोराला हौसेने अमृत छकवणारी घरंही मी पाहिलीत. मला ते पटत नाही. पोराला त्या दिवशी नवी पगडी आणि कडाह प्रसाद एवढंच कळतं.

घरात शिस्तीची गोष्ट निघाली की मला गुरू नानकांची मुलं आठवतात. १५३९ मध्ये गुरुगादी द्यायची वेळ आली तेव्हा दोन मुलगे होते. श्रीचंद तर मोठे विरक्त, पुढे उदासी पंथ त्यांना मानतो. तरी गादी मिळाली शिष्य भाई लहणांना, म्हणजे गुरू अंगदांना. खुद्द बाबा नानकांच्या घरातही मुलांची वाट वडिलांच्या वाटेवरून गेली नाही. आपल्या पोराने केसाला कात्री लावली म्हणून सात पिढ्या बुडाल्या असं बोलणाऱ्यांनी हे आठवावं. आमच्या घरात बोलणारे होते, म्हणून लिहिते.

आता माझी चूक.

मुलगा तुमच्या मुलाएवढाच होता. शाळेतून रडत आला. पोरांनी ‘सरदारजी, बारा वाजले का’ करून घेरलं होतं आणि मागून एकाने पटक्याची गाठ सोडली होती. मी त्याला जवळ घेतलं आणि साहिबजाद्यांची, म्हणजे गुरू गोबिंदसिंगांच्या मुलांची, गोष्ट सांगितली. सरहिंदचा ठंडा बुर्ज, नऊ वर्षांचे जोरावरसिंग, त्यांच्याहून लहान फतेहसिंग, भिंतीत चिणले तरी धर्म सोडला नाही. आणि वर म्हटलं, ते तुझ्याएवढेच होते, तू एवढ्याशा चिडवण्याने रडतोस?

तो रडायचा थांबला. मला वाटलं, पोराला बळ आलं.

दोन वर्षांनी त्याच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून कळलं, की तो डबा वर्गात खात नाही, जिन्याखाली बसून खातो. दोन वर्षं! घरी एक शब्द नाही. कसा सांगणार? ज्या दुःखाची तुलना भिंतीत चिणल्या गेलेल्या मुलांशी होते, ते आईला सांगायच्या लायकीचं उरतच नाही. आता २०२२ पासून २६ डिसेंबरला वीर बाल दिवस पाळतात, शाळाशाळांतून ती गोष्ट सांगतात. गोष्ट सांगावीच, माझ्या दोन्ही मुलांना ती पाठ आहे. पण रडणाऱ्या पोराचं तोंड बंद करायला ती वापरू नका.

त्यानंतर शाळेत गेले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘अहो, तुम्हीच थोडे बारीक करा ना केस, त्यालाच त्रास कमी होईल.’ वाईट हेतूने नव्हत्या बोलत, म्हणून जास्त लागलं. मी घरी येऊन जे घडलं ते तारखेनिशी कागदावर लिहिलं आणि मुख्याध्यापकांना नेऊन दिलं. त्यात एक वाक्य होतं: पटका ओढणं म्हणजे टोपी उडवणं नव्हे, दुसऱ्याच्या अंगावरचं वस्त्र ओढणं आहे. मग त्यांनी ऐकलं. एका शनिवारी नवऱ्याला वर्गात बोलावलं. त्याने पोरांसमोर पगडी बांधून दाखवली, दोघातिघांच्या डोक्यालाही बांधली. ज्याने गाठ सोडली होती तोच पहिला पुढे आला. पोरं ती पोरंच. हे तुम्ही याच आठवड्यात करा. तुमच्या मुलाला आज केसांपेक्षा मार चुकवायचाय, हे दोन प्रश्न आधी वेगळे करा. त्रास थांबल्यावरही तो कापू या म्हणाला, तर ते त्याचं म्हणणं. आत्ता तो जे बोलतोय ते ओढणाऱ्यांचं म्हणणं आहे.

माझ्या मुलाने शेवटी कापलेच. एकोणिसाव्या वर्षी, हॉस्टेलवर, दुसऱ्या शहरात. दिवाळीला घरी आला तेव्हा डोक्यावर टोपी होती. नवऱ्याने एकदा वर पाहिलं आणि आत निघून गेला. पुढचे कित्येक महिने दोघांचं बोलणं ‘पाणी दे’, ‘गाडी किती वाजता’ एवढंच.

पगडी बांधणाऱ्या घरात पूणी ही काय चीज असते ते तुम्हाला ठाऊक आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते. पाच-सहा मीटर कापड. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, ताणायचं आणि लांबीत घड्या घालत आणायचं. दोन माणसं लागतात. आमच्याकडे मुलगा सात-आठ वर्षांचा झाल्यापासून बापाच्या पूणीचं दुसरं टोक त्याच्याच हातात. रोज सकाळी सव्वाआठला व्हरांड्यात. अभ्यासावरून रात्री वाजलेलं असलं तरी सकाळी तो टोक धरून उभा असायचाच. त्या दिवाळीत नवऱ्याने टोक दाराच्या कडीला बांधलं. मुलगा पलंगावर बसून बघत होता. मी स्वयंपाकघरातून दोघांना बघत होते आणि पोळी करपली.

त्याच सुट्टीत मुलाने मला ऐकवलं, की गुरू नानकांनीही घरचे घालत होते ते जानवं नाकारलंच ना, मग? मी म्हटलं, नाकारलं, पण कसलं घालीन तेही सांगितलं. दयेचा कापूस, संतोषाचं सूत, संयमाची गाठ, सत्याचा पीळ. त्यांच्याच आसा दी वारमध्ये आहे, तुला पाठ आहे. तू कापलेस, ठीक, पण कशासाठी ते तरी सांग. मला वाटलं, आता मोठं काहीतरी निघणार, देव आहे की नाही वगैरे. तो म्हणाला, ‘आई, होस्टेलला एका मजल्यावर तीनच बाथरूम चालू आहेत. पाणी सातला जातं. कमरेएवढे केस कधी धुऊ?’

मला आधी हसू आलं, मग रडू. आम्ही घरात पंथाची चर्चा करत होतो आणि पोराची अडचण पाण्याची होती. त्याला पाणी मिळालं असतं तर त्याने केस ठेवले असते का? कदाचित नसतेही. पण ते विचारायला कोणी फोन केला नव्हता.

आज तो केस कापतो, हातातलं कडं काढत नाही, घरी आला की संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरची भांडी घासतो. नोकरीच्या गावी मराठी मित्रांना सांगतो, की आमच्या ग्रंथात तुमच्या नामदेवांचे ६१ शबद आहेत, त्यांचं नरसी आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. मग स्वतःच दुरुस्त करतो, तुमचे कसले, आपलेच. गुरुमुखीत ते वाचूनही दाखवतो. लहानपणी शिकवलं नसतं तर हे कुठून आलं असतं? म्हणून मी ‘वळण लावा’ याच बाजूची आहे, मुलाने केस कापूनसुद्धा. पूणीचं म्हणाल तर एक दिवस त्याने कडीची गाठ सोडून टोक हातात घेतलं. नवरा फक्त ‘जरा ताण’ म्हणाला. त्यावर दोघांपैकी कोणीही आजवर अवाक्षर काढलेलं नाही, म्हणून मीही काढत नाही.

मुलीची तऱ्हा वेगळी. केस तिने स्वतःहून राखलेत, तबला वाजवते, घरात सगळ्यांत जास्त बाणी, म्हणजे ग्रंथातली पदं, तिलाच येते. आणि सगळ्यांत जास्त प्रश्नही तीच विचारते. अमृतसरला दरबार साहिबच्या (सुवर्णमंदिराच्या) आत बायका कीर्तन का करत नाहीत? बाई-पुरुष समान म्हणता ना? सासऱ्यांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. पंजाब विधानसभेने २०१९ मध्ये तसा ठराव केला होता, एवढं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ठरावाने काय होतं. बरोबरच आहे तिचं. मुलांना धर्म शिकवायचा तर ही तयारी ठेवावी लागते. नीट शिकवलं की ती त्याच शिकवणीने तुम्हाला धरतात. तेव्हा ‘मोठ्यांसमोर तोंड चालवू नको’ म्हटलंत, तर शिकवलेलं सगळं पाण्यात.

शेवटी तुम्हालाच एक विचारते. तुमच्या प्रश्नात वडिलांचं मत आलं, बायकोचं आलं, मुलाचं आलं. रोज सकाळी मुलाचे केस कोण विंचरतं, ते आलं नाही. आमच्याकडे केसांवरून सगळ्यांत मोठा आवाज सासऱ्यांचा होता आणि कंगा वर्षानुवर्षं माझ्या हातात. बस यायला पंधरा मिनिटं, पोर झोपेत डुलतंय, रविवारी धुतलेल्या केसांत बुधवारपर्यंत गुंता, लाकडी कंग्याचा दात अडकला की ‘आई गं’. वर ओढून जुडा घालायचा, पटक्याच्या चार पट्ट्या आवळायच्या, फार आवळल्या की शाळेत डोकं दुखतं. घाईत असले की मी खसाखसा ओढायची, आणि केस म्हणजे दुखणं हे त्याला माझ्याकडूनच कळलं असणार. वेळ असला की मूलमंत्र म्हणत विंचरायची, तोही बरोबर पुटपुटायचा. त्याला येते ती बाणी बहुतेक तिथलीच आहे.

तेव्हा निर्णय एक महिना बाजूला ठेवा आणि उद्यापासून कंगा तुम्ही घ्या. जमलं तर रविवारी आजोबांकडे द्या, केस धुऊन गच्चीवर वाळवायचं काम त्यांचं. शाळेला कागद द्या. महिन्याने मुलगा काय म्हणतो ते इथेच लिहा, मग पुढचं बोलू.